काकणाचे डोळे

सगळ्या मुंबई इलाख्यात पाखरांवर खरा जीव असलेली माणसं फक्त रत्नागिरीत राहतात. हे रत्नागिरीच्या पक्षिमित्र मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब परुळेकर यांनी भर सभेत सांगितलं होतं, म्हणजे ते खरंच असणार. त्या दिवशी सभेनंतर रावसाहेबांकडे सर्वांना जेवण होतं आणि जेवणात लावा पाखरांचा रस्सा होता.

मंडळ दर रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या व्हरांड्यात भरे. आठवडाभरात कोणाला कोणता पक्षी दिसला, ते प्रत्येकानं सांगायचं, एवढंच काम. रावसाहेबांनी एक घुबड पाहिलं असेल, तर भाऊसाहेब वकिलांनी दोन पाहिलेली असत. आणि डॉक्टर सोहोनींनी तीच दोन आदल्या दिवशी पाहिलेली असत. ‘मला नाही दिसलं’ असं कोणी म्हणत नसे. तसं म्हणणं म्हणजे मोतीबिंदू झाल्याचं चारचौघांत कबूल करणं!

तसं म्हणणारा एकच माणूस होता, आप्पा भाटकर. शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. आठवडाभर ते डोंगरात उन्हातान्हात फिरत आणि रविवारी व्हरांड्यात येऊन सांगत, “नवीन काही नाही दिसलं बुवा.” पाखरं खरोखर ओळखणारा गावातला एकटा माणूस, आणि नेमकं त्यालाच काही दिसू नये! मंडळाला त्यांच्याबद्दल आदर होता. थोडी कीवही येत असे.

कार्तिकात आप्पा गेले. मंडळानं दुखवट्याचा ठराव केला. ‘अत्यंत दुःख’ म्हणावं की ‘अतीव दुःख’, यावर दोन रविवार वाद झाला. शेवटी दोन्ही घातलं. मग स्मारकाची टूम निघाली. नाताळात मुंबईहून पाखरांचे शौकीन असे कोणी मोठे गोरे साहेब बोटीनं यायचे होते. त्यांच्या हस्ते स्मारकाचं अनावरण करायचं ठरलं. स्मारक म्हणजे काय, ते मात्र रावसाहेबांनी गुपित ठेवलं होतं.

“मी सांगते, पुतळा असणार!” चिमा म्हणाली.

“आप्पांचा पुतळा? ते कधी एका जागी उभे तरी राहिले होते काय?” तिचा दादा रघू म्हणाला. “आणि तू तोंड मिटून चढ. धापा टाकतेस ते साऱ्या मिरकरवाड्यात ऐकू जातंय.”

नाताळच्या सुट्टीची ती पहिली सकाळ होती. रघू आणि चिमा ही मिरकरवाड्यातल्या एका तांडेलाची मुलं, म्हणजे मचव्यावरच्या मुख्य खलाशाची. त्यांच्या पुढे, वाटेवरची करवंदीची जाळी काठीनं बाजूला करत चालली होती दमयंती, आप्पांची नात. तिघं मिऱ्याच्या डोंगरावर निघाली होती, आणि तीही कामाला.

त्या डोंगराच्या समुद्राकडच्या अंगाला एका उंच रायवळ आंब्यावर काकणाचं घरटं होतं. काकण म्हणजे समुद्रावरचा गरुड. पोट पांढरंशुभ्र, पंख राखी, आणि ओरडला की खालच्या बंदरावरचा माणूस वर बघतो. ते जोडपं वर्षानुवर्षं त्याच झाडावर येई, एखादं पिल्लू वाढवी, आणि त्या पिल्लाचं पहिलं उड्डाण आप्पा दर वर्षी झाडाखाली बसून बघत. दमयंती मागे लागली की म्हणत, “पुढच्या वर्षी नक्की. एकदा बघितलंस ना बाय, की जन्मभर पुरेल.”

पुढचं वर्ष आलं आणि आप्पा नव्हते. म्हणून दमयंतीनं ठरवलं होतं, सुट्टीभर रोज इथं येऊन बसायचं. पिल्लू उडताना बघायचंच. आप्पांच्या वाटचंसुद्धा.

“ते बघ! ते बघ!” चिमा ओरडली.

घरट्याच्या काठावर तपकिरी पिल्लू उभं होतं. त्यानं पंख पसरले, दोनदा झटकले, तोल जाऊन मागे बसलं आणि आपण असं काही केलंच नाही अशा थाटात दुसरीकडे बघू लागलं.

“उडणार! आज नाहीतर उद्या!” दमयंती कुजबुजली.

थोड्या वेळानं मादी आली, पायांत वळवळणारा समुद्रसाप घेऊन. तो पिल्लापुढे टाकून ती लगेच पुन्हा समुद्राकडे गेली. ती गेली तसे चार कावळे घरट्याभोवती गोळा झाले. रघूनं टाळ्या वाजवून ते हाकलले. ते परत आले. पुन्हा हाकलले.

“हे काय चाललंय?” दमयंतीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “एक मासा आणायला जातो तेव्हा दुसरा राखणीला थांबतो. आप्पा सांगायचे. नर कुठे गेला?”

दुपारपर्यंत नर आला नाही. पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा तिघं उठली आणि झाडाखाली फिरून बघू लागली. माशांचे काटे होते, सापांचे मणके होते, ते तर असायचेच. पण जरा खाली उतारावर लांबलचक राखी पिसं पडलेली होती, मूठभर. त्यांच्या देठांना रक्त लागून वाळून काळं झालं होतं.

आणि चिमाला जाळीत लाल नळकांडं सापडलं. “ही कसली गो डबी?”

रघूनं हिसकावून घेतलं. “डबी नाही. काडतूस आहे. बंदुकीचं.”

त्यानं ते फिरवून फिरवून बघितलं. मग रघू म्हणाला, “पण गेल्या रविवारी व्हरांड्यात रावसाहेब म्हणाले ना, काकणाचं जोडपं पाहिलं म्हणून? मी खालीच उभा होतो. वकीलही म्हणाले, मीही पाहिलं. डॉक्टरही.”

“हे रक्त चार-पाच दिवसांचं नाही,” दमयंती म्हणाली. “हा केव्हाच मेलाय. रघू, त्या तिघांनी काय पाहिलं?”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या तिठ्यावर एक अजब देखावा होता. गोट्या खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात दादू उकिडवा बसला होता. दादू म्हणजे रावसाहेबांचा बंदूकवाला. बागेत रानडुकरं शिरली की रावसाहेब त्याला आपली दुनळी देत. त्याच्या मिशा बघून लहान पोरं रडत. आणि तो दादू गोट्या मागत होता!

“ए रघू, दोन गोट्या दे बगू. काचेच्या. सारख्या पायजेत.”

“कशाला?”

“खेळायला.”

“कोणाशी खेळणार तुम्ही?”

“तुला काय करायचं रे मेल्या? देतोस की नाय?”

“फुकट नाही देणार,” रघू म्हणाला. “बदल्यात काय?”

दादूनं खिसे चाचपले आणि एक रिकामं काडतूस काढून रघूच्या हातावर ठेवलं. लाल. तसंच, पितळी बुडाचं! रघूनं चेहरा मठ्ठ ठेवला. तसा चेहरा ठेवायची त्याला शाळेत सवय होती.

“सारख्या नाहीत माझ्याकडे. एक निळी आहे. दुसरी सोड्याच्या बाटलीतली, हिरवी.”

“चालतील,” दादू म्हणाला. “मेलेल्याला कुठं दिसायचंय!”

“कोण मेलं?”

“कोण नाय! पळ!”

रघू पळाला, पण कोपऱ्यापर्यंतच. तिथं दमयंती आणि चिमा उभ्या होत्या. तिघं दादूच्या मागोमाग निघाली. दादू वाचनालयाला वळसा घालून मागच्या दारानं आत गेला. मागच्या खोलीची खिडकी उंच होती. चिमा रघूच्या खांद्यावर चढली.

“काय दिसतंय?”

“डॉक्टर शिवतायत.”

“काय शिवतायत?”

चिमाचा आवाज एकदम बारीक झाला. असं फार क्वचित होई. मग ती हळूच म्हणाली, “काकण.”

आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं, कारण मंडळाच्या सभासदांना हळू बोलायची सवय नव्हती.

“डॉक्टर, मिठात राखलेल्या कातड्यात भुसा फार झालाय,” रावसाहेब म्हणत होते. “विरहानं मेलेला पक्षी इतका लठ्ठ कसा दिसेल?”

“मी माणसांचा डॉक्टर आहे, रावसाहेब. मी आजवर कोणात भुसा भरलेला नाही.”

“गोट्या मिळाल्या? अरे, ही निळी नि ही हिरवी!”

“सावलीत कळत नाय,” दादूचा आवाज आला.

“असू दे. नर झाला. आता परवा पहाटे जाऊन मादी आणि पिल्लू आण. कपाटात सारं कुटुंब हवं. साहेबांना दाखवायचं तर अर्धवट काही नको. आप्पांच्या स्मारकात कमीपणा राहता कामा नये!”

खाली रघू गर्रकन वळला आणि चिमा जवळजवळ पडलीच. दमयंती भिंतीला पाठ टेकून उभी होती. ती रडत नव्हती. तिनं फक्त विचारलं, “परवा म्हणजे सोमवार ना?”

*

“मोठ्या माणसांना सांगूया,” दमयंती म्हणाली. त्या वेळी ती तेरा वर्षांची होती, त्यामुळे तिला हा उपाय सुचला.

भाऊसाहेब वकील आप्पांच्या शेजारी बसत, त्यांना ‘आप्पा, आप्पा’ करत. तिघं त्यांच्या कचेरीत गेली. वकिलांनी सारं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पुरावा?” ते म्हणाले.

दमयंतीनं दोन्ही काडतुसं टेबलावर ठेवली. “हे झाडाखाली सापडलं. आणि हे दादूनं दिलं. एकाच जातीची आहेत.”

“छान. फार छान,” वकील म्हणाले आणि दोन्ही काडतुसं उचलून त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली. ड्रॉवरला कुलूप लावलं. “पुरावा असा सांभाळून ठेवावा लागतो. मुलांच्या हातात हरवतो. आता घरी जा, बाळांनो, आणि याबद्दल कुठे बोलू नका. आप्पांच्या नावाला धक्का लागेल.”

बाहेर आल्यावर रघूनं रस्त्यातला एक दगड जोरात लाथाडला. तो दगड जांभा होता आणि जमिनीत रुतलेला होता, त्यामुळे पुढचं थोडं अंतर रघू लंगडत चालला.

“आता काय करायचं?” चिमा म्हणाली. “दादू सोमवारी पहाटे जाणार. आपण झाडाला मिठी मारून बसू!”

“आणि दादूला काय, मिठी सोडवता येत नाही?”

दमयंतीनं मागे वळून वकिलांच्या कचेरीकडे बघितलं. मग म्हणाली, “रघू, त्यांनी न पाहिलेलं जोडपं कसं पाहिलं असेल?”

“थापा मारल्या. अजून काय?”

“एकानं सांगितलं, म्हणून बाकीच्यांनी पाहिलं. ‘मला नाही दिसलं’ असं त्यांच्यातलं कोणी म्हणूच शकत नाही.” तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळे चमकत होते. “मग आपण त्यांना दुसरं घरटं दाखवू. लांबचं.”

“जयगडला!” रघू एकदम ओरडला. “सोमवारी पहाटे आमच्या काकाचा मचवा जयगडला जातोय. परत यायला दोन-तीन दिवस सहज लागतात!”

“पण तिथं घरटं आहे काय?” चिमानं विचारलं.

“नसलं तर जास्तच बरं,” दमयंती म्हणाली.

*

रविवारी संध्याकाळी व्हरांडा गच्च भरला होता. साहेबांची बोट मंगळवारी यायची होती, बुधवारी अनावरण होतं. डॉक्टरांनी आपण हळद्या पाहिल्याचं सांगून संपवलं आणि वकिलांनी तोच हळद्या त्यांच्याआधी पाहिलेला होता, तेवढ्यात रघू पायरीवर चढला.

“रावसाहेब, सांगू काय एक? जयगडच्या किल्ल्याखाली काकणाचं घरटं आहे. जोडपं आणि दोन पिल्लं.”

“दोन?” रावसाहेबांची पाठ ताठ झाली. “कोणी पाहिलं?”

“आमच्या काकानं. मिऱ्यावरच्यापेक्षा दीडपट मोठे आहेत म्हणे.”

“आणि डोक्यावर तुरा आहे!” चिमा म्हणाली.

रघूनं तिला चिमटा काढला. काकणाला तुरा नसतो. हे आप्पांच्या शाळेत चित्र काढणाऱ्या सगळ्या पोरांना ठाऊक होतं. संपलं सगळं, रघूला वाटलं.

मग भाऊसाहेब वकिलांनी घसा साफ केला.

“तुरा. बरोबर आहे,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यात कामानिमित्त जयगडला गेलो होतो, तेव्हा मी तो तुरा पाहिला. म्हटलं, सवडीनं सांगू.”

“मी श्रावणातच पाहिला,” डॉक्टर म्हणाले. “तेव्हा अंडी होती.”

“तांबूस तुरा,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

“तांबूस नव्हे हो, सोनेरी!”

रावसाहेबांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. एकट्या अध्यक्षांनीच ते पाहिलेलं नसावं, हे काही बरं दिसत नव्हतं. “सोनेरीच,” ते ठामपणे म्हणाले. “मी पाहिलंय, म्हणून सांगतो. सकाळच्या उन्हात जरा तांबूस वाटतो.”

खांबाआड उभ्या असलेल्या दमयंतीला हसू यायला हवं होतं. तिनंच तर हे सगळं जुळवून आणलं होतं. पण तिनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. ह्या माणसांत आप्पा इतकी वर्षं दर रविवारी येऊन बसले. दर रविवारी खरं बोलले. आणि घरी येऊन आजीला म्हणत, “माणसं चांगली आहेत गो. पाखरांची आवड आहे त्यांना.”

त्याच रात्री दादूला निरोप गेला. मिऱ्यावर जाऊ नकोस, जयगडला जा. चौघांचं तुरेवालं कुटुंब आण.

“पण मिऱ्यावरची मादी इथंच बसलीय,” दादू म्हणाला. “डोळ्यासमोर!”

“पाच सभ्य गृहस्थांनी जयगडचं पाहिलंय!” रावसाहेब गरजले. “तू एकट्यानं मिऱ्यावरचं पाहिलंस!”

सोमवारी पहाटे रघूच्या काकांच्या मचव्यात बंदुकीसह दादू बसला. धक्क्यावरून तीन मुलांनी त्याला हात केला. दादूला त्याचं कौतुक वाटलं. त्याला सहसा कोणी पोहोचवायला येत नसे.

*

बुधवारी वाचनालयाचं दालन माणसांनी भरून गेलं. गोरे साहेब मधल्या खुर्चीत बसले होते. त्यांना मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, म्हणून भाऊसाहेब वकील दुभाषी म्हणून त्यांच्या कानाशी होते. दमयंतीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिची आजी येसूबाई आली नव्हती. “माझं रडून झालंय,” एवढंच तिनं मंडळाच्या शिपायाला सांगितलं होतं.

दादूचा पत्ता नसल्यामुळे कपाटात एकटा नरच होता. साहेबांनी रेशमी पडदा ओढला. टाळ्या झाल्या. काचेआड एक फुगलेला पक्षी एक पंख वर करून उभा होता, जणू शाळेत ‘हजर’ म्हणत होता. मान वाकडी होती. एक डोळा निळा, एक हिरवा. पायाशी पाटी: ‘विरहाने मृत’.

“त्या आपल्या गोट्या!” चिमा म्हणाली.

“गप!” रघू म्हणाला.

रावसाहेब भाषणाला उभे राहिले. “आप्पासाहेब गेले, त्या दिवसापासून या मुक्या जीवानं मासा चोचीत धरला नाही! घरट्यावर बसून तो आपल्या मित्राची वाट पाहत राहिला आणि अखेर विरहानं त्यानं प्राण सोडला!”

“मी पाहिलं आहे,” वकील म्हणाले. “डोळ्यांत पाणी होतं.”

“मी नाडी पाहिली,” डॉक्टर म्हणाले.

दोन-तीन माणसांनी उपरण्यानं डोळे टिपले. साहेब कपाटाजवळ गेले, वाकून बघू लागले आणि त्यांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. डोळे दोन रंगांचे कसे, असं ते विचारत होते. वकिलांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं की इकडची ती खास जात आहे. साहेबांनी खिशातली वही काढून ते टिपून घेतलं.

इतक्यात दार धाडकन उघडलं.

दारात दादू उभा होता. उन्हानं तांब्यासारखा झालेला, पायांवर काट्यांचे ओरखडे, खांद्यावर दुनळी.

“रावसाहेब!” तो ओरडला. “जयगडात काकण नाय नि काकणाचं पीस नाय! कातळ तुडवून तुडवून पायाची सालं निघाली! तुरा म्हणे! कोणी बघितला तो तुरा? ज्यानं बघितला त्यानं पुढं यावं!”

पुढे कोणी आलं नाही.

“दादू, नंतर बोलू!” रावसाहेब घाईघाईनं म्हणाले.

“नंतर काय? मिऱ्यावरचा कसा, घरट्यावर बसला होता, एका बारात खाली आला! तशीच मादी झाली असती, पोर झालं असतं. मला उगाच समुद्रावर धाडलात!”

सगळ्या माना रावसाहेबांकडे वळल्या. दमयंती उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

“दादू, मिऱ्यावरचा कधी मारलात तुम्ही?”

“आप्पा गेले, त्याच महिन्यात,” दादू म्हणाला. त्याला लपवण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. “रावसाहेब बोलले, आता कोण बसलाय तिथं राखण करत!”

साहेबांनी वकिलांना विचारलं, हा मनुष्य काय म्हणतो आहे? वकिलांनी इंग्रजीत सांगितलं की हा आप्पांचा एक भोळा चाहता असून शोकानं त्याचं चित्त ठिकाणावर नाही. साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी पुढे होऊन दादूचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हलवला.

तेव्हा मात्र मागच्या रांगेत कोणीतरी फिस्कन हसलं. मग सगळं दालन हसलं. लोक हसताहेत ते पाहून साहेबही हसले.

*

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यात मासळीचा लिलाव चालू असताना रावसाहेबांचा गडी टोपली घेऊन आला. मासळी विकणाऱ्या गंगुबाईनं त्याला लांबूनच हाक मारली, “ये रे बाबा, ये! रावसाहेबांसाठी सुरमई राखून ठेवलीय! आजच विरहानं मेलीय!”

साऱ्या धक्क्यावर हशा उसळला. गडी रिकामी टोपली घेऊन परत गेला. नंतर आठवडाभर रावसाहेबांच्या घरी मासळी आली नाही. आणायला जायला कोणी तयार होईना. रावसाहेबांनी दुनळी कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली बायकोकडे दिली. मिऱ्याच्या डोंगराकडे बंदूक घेऊन कोणी फिरकायचं नाही, असा ठराव मंडळानं एकमतानं केला. रावसाहेबांनीच तो मांडला.

त्याच सभेत, काकणाची मादी आणि पिल्लू वाचवल्याबद्दल मुलांचा सत्कार झाला. “आमच्या मंडळाच्या संस्कारांमुळेच अशी चौकस पिढी तयार होते!” रावसाहेब म्हणाले. डॉक्टरांनी चिमाच्या डोक्यावरून हात फिरवला. भाऊसाहेब वकिलांनी खिशातून दोन लाल काडतुसं काढून सर्वांना दाखवली आणि हा पुरावा आपण किती जपून ठेवला होता, ते सांगितलं. टाळ्या वकिलांना जास्त पडल्या. मुलांना एकेक कंपासपेटी मिळाली. चिमानं विचारलं, “आमच्या गोट्या?” पण सगळ्यांना वाटलं, ती विनोद करते आहे.

“तुला आणखी काही हवं का, बाळ?” रावसाहेबांनी दमयंतीला विचारलं.

“तो काकण कपाटातून काढा,” ती म्हणाली. “आम्ही त्याला झाडाखाली पुरतो. आणि ‘विरहाने मृत’ ही पाटीही काढा.”

मंडळात कुजबूज झाली. मग वकिलांनी समजावून सांगितलं की साहेबांच्या हस्ते अनावरण झालेली वस्तू अशी हलवता येत नाही. पाटीचा विचार पुढे करता येईल. पाटीचा विचार पुढे झाला नाही.

दमयंती सुट्टीतले उरलेले सगळे दिवस डोंगरावर बसली. रघू आणि चिमा कावळे हाकलत. मादी एकटीच समुद्रावर जाई आणि एकटीच येई. पिल्लू रोज काठावर येऊन पंख झटके, आज उडणार असं वाटे, आणि मग ते मागे सरके. सुट्टी संपली. सोमवारी शाळा सुरू झाली. दमयंतीनं कन्याशाळेतल्या बाईंकडे दोन दिवसांची रजा मागितली. बाईंनी कारण विचारलं. तिनं सांगितलं. बाईंनी तिला बाकावर उभं केलं.

मंगळवारी सकाळी शाळेआधी ती धावत डोंगरावर जाऊन आली, तेव्हा पिल्लू घरट्याच्या काठावर उभं होतं. संध्याकाळी पुन्हा गेली, तेव्हा ते खालच्या वाडीतल्या एका माडाच्या शेंड्यावर बसलेलं होतं. मधल्या वेळात शाळा होती.